ऊसतोडीच्या तळावर नाटक : गळीत हंगाम २०२४-२५च्या नोंदी

५ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

आज रंगभूमी दिन. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं ते इथेच, सांगलीत, चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. त्या पुण्याईवर आपण अजून नाट्यपंढरी म्हणवून घेतो. संध्याकाळी आमच्या नाट्यसंस्थेत नटराजाला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले आणि मग दरवर्षीचं रडगाणं सुरू झालं : प्रेक्षक येत नाही. गेल्या राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या प्रयोगाला शंभरेक माणसं असतील. त्यातली निम्मी इतर संघांची, आमचा प्रकाश कुठे चुकतो ते बघायला आलेली.

सर म्हणाले, "येत नाही, येत नाही म्हणजे कोण येत नाही ते तरी बोला." दर हिवाळ्यात बीड, पाथर्डीकडून हजारो माणसं ऊस तोडायला या जिल्ह्यात चार-पाच महिने मुक्कामाला असतात. त्यांनी आपलं नाटक पाहिलं नाही याचं कुणाला कधी वाईट वाटलंय का? कुणाला वाटलं नव्हतं. मलाही नाही. लहानपणापासून रस्त्याकडेच्या त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, बघतेय, एसटीच्या खिडकीतून.

ठरलं ते असं. ऊसतोड कामगारांच्या तळावर जायचं, प्रयोग फुकट करायचा, शेवटी थाळीसुद्धा फिरवायची नाही. सात जणांचे प्रत्येकी दोन हजार आणि सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दहा हजार, एकूण चोवीस. हिशेब आणि ही वही माझ्याकडे.

१० नोव्हेंबर, रविवार

कागदपत्रं. संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीला गेलो तर आचारसंहिता चालू. २० तारखेला मतदान, २३ ला निकाल. साहेबांनी चहा पाजला आणि निकालानंतर या म्हणाले. तसंही घाई नाही, कारखाने १५ ला सुरू होतायत आणि मतदान करूनच निघायचं म्हणून काही टोळ्या उशिरा येणार, असं कळतंय.

नाटकाचं नाव सध्या 'कोंबडा'. गाव सोडताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एका घराचा कोंबडा पडतो आणि घरची पोर त्याला शोधत निघते, एवढीच गोष्ट. तालमी सरांच्या गच्चीवर. लांबी एक तास दहा मिनिटं. मध्यंतर नाही, म्हणजे आम्ही फार सवलत दिली असं आम्हाला वाटतंय.

२४ नोव्हेंबर, रविवार

वाळवा तालुक्यातला तळ पाहून आलो. गावाच्या अलीकडे पडीक रानात साठेक कोप्या. बांबूच्या कमानी, त्यावर चटई, वर प्लास्टिकचा कागद. आत शिरायचं तर वाकून. एका कडेला बैल आणि टायरगाड्या, दुसऱ्या कडेला ट्रॅक्टरवाले. पाण्याचा एकच नळ, तोही शेतकऱ्याच्या विहिरीवरचा.

हजेरीत इथे माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीआधी मुकादम कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. बाईच्या नावावर वेगळं काही नाही, ती त्या कोयत्यातच आली.

मुकादमांना भेटलो. पन्नाशीचे, पांढरा शर्ट, दोन मोबाईल. पहिला प्रश्न : "युनियनची माणसं का तुमी?" नाही म्हटलं. दुसरा : "मग सर्वे करायला आलाव का?" तेही नाही. नाटक म्हटल्यावर हसले. मग एकच अट घातली, उचलीचा विषय नको. आमच्या गोष्टीत तो नव्हताच, म्हणून पटकन कबूल झालो. परतताना ढोलकीवाला म्हणाला, एवढ्या पटकन कबूल व्हायला नको होतं. गाडीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

८ डिसेंबर, रविवार

पहिला प्रयोग. नीट लिहून ठेवते, पुढे कुणी विचारलं तर आठवणीनं गोड करून सांगितलं जाऊ नये म्हणून.

रविवार आम्हाला सोयीचा, कारण आमच्यात दोन बँकेतले, एक शिक्षिका, एक मेडिकलवाला. तळावर रविवार नसतो. साडेसातची वेळ दिली होती. साडेसातला बाया चुलीपुढे होत्या, पुरुष नळाच्या रांगेत. पोरं मात्र सहापासून येऊन बसलेली, पन्नासेक. पडदा बांधायला आम्हाला पाऊण तास लागला (पडदा कशाला नेला होता, हा प्रश्न आज पडतोय). आठ दहाला सुरू केलं.

आमचा नायक 'ग्रामीण' बोलतो. म्हणजे सांगली-कोल्हापूरकडचं, 'काय करालाईस', 'या की वाईच' असलं. पहिल्याच वाक्याला मागच्या बाया हसल्या. आम्हाला वाटलं, विनोद पोचला. पुढच्या वाक्याला विनोद नव्हता, तरी हसल्या. त्या आमच्या बोलीला हसत होत्या. या लोकांच्या तोंडी 'मपलं-तुपलं' आहे आणि आमच्या नाटकातलं बीडचं कुटुंब इस्लामपूरच्या बाजारात वाढल्यासारखं बोलतंय.

विसाव्या मिनिटाला गाडी भरायची म्हणून बोलावणं आलं आणि निम्मे पुरुष उठून गेले. ट्रक आला की भरायचा, मग रात्रीचे आठ असोत की दोन. तिसाव्या मिनिटाला इन्व्हर्टर बसला. अंधारात मेडिकलवाल्यानं पाच मिनिटं कोंबड्याचे आवाज काढून पोरं धरून ठेवली, त्याला सलाम. दिवे आले तेव्हा पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांच्या अंगावर झोपलेली. शेवटाला मी मोजले : अकरा जागे. टाळ्या झाल्या. शिक्षिकेनं सवयीनं पाहुण्यांचे आभार मानले.

९ डिसेंबर, सोमवार

चटई तिथेच राहिली म्हणून ऑफिस सुटल्यावर मी एकटीच परत गेले. कालच्या त्या हसणाऱ्या मावशी भाकरी थापत होत्या. विचारलं, नाटक कसं वाटलं. म्हणाल्या, "चांगलं होतं. पर ताई, आमी तीनला उठतो. भाकरी बांधून चारला फडात. काल दहा वाजवले तुमी. आज हात उचलंना, अर्धा टन कमी पडला बघा."

घरी येऊन मांडलं. जानेवारी २०२४ च्या वाढीनंतर तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. धडधाकट जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. अर्धा टन म्हणजे १८३ रुपये. आम्ही फुकट, फुकट म्हणून मिरवत होतो आणि त्या जोडीला आमचं नाटक १८३ रुपयांना पडलं. सांगलीत आमच्या स्पर्धेच्या प्रयोगाचं तिकीटही एवढं नसतं.

हे गटाच्या फोनवर टाकलं. रात्रभर कुणाचं उत्तर नाही. सकाळी सरांनी लिहिलं : पस्तीस मिनिटं.

१५ डिसेंबर, रविवार

आज तालीम तळावरच, दुपारी. पडदा, विंगा, तीन खोके, सगळं सांगलीत ठेवून. गोलात बसायचं, मध्ये खेळायचं. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या अंगणमंचाबद्दल (रंगमंच सोडून लोकांमध्येच खेळायचं नाटक) आमच्यातले दोघे शिबिरांत तासन् तास बोललेत, पण प्रत्यक्ष अंगणात खेळायची वेळ आली तेव्हा सगळ्यांत जास्त अवघडले तेच. पाठ कुणाकडे करायची हेच कळेना. पाठ होणारच, आलटून पालटून सगळ्यांकडे होते.

सरांनी आठवण करून दिली की अण्णा भाऊ साठ्यांचं वाटेगाव याच वाळवा तालुक्यातलं. १९४४ साली अमरशेख आणि गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं आणि गिरणगावात, चाळींपुढे, मैदानांत वग केले. गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातलं, पण गण सोडला नाही, बतावणी सोडली नाही. लोकांच्या अंगवळणी असलेला साचा तसाच ठेवला. आम्ही मात्र स्पर्धेचा साचा उचलून तळावर आणला होता.

मग ती मावशींची शिकवणी झाली. ती नसती तर प्रयोग पुन्हा फसला असता. नायकाची बायको कोयता चालवते त्या प्रसंगात आमची नटी कोयता ऐतिहासिक नाटकातल्या तलवारीसारखा फिरवायची. मावशींना राहवलं नाही. उठल्या, कोयता हातातून काढून घेतला. "आसा धरलास तर दुपारपतूर बोटं जातील तुही." डाव्या हातात तीन-चार ऊस एकत्र कवळले, कमरेतून पार खाली वाकल्या आणि जमिनीलगत एक घाव. "बुडखा ठेवायचा नाही. साखर बुडात असती. बुडखा राहिला की शेतकरी वरडतो." मग पाला सवळायचा, वर वाढं (शेंड्याचा हिरवा पाला) छाटायचं, ऊस मागे टाकायचा. पुन्हा वाकायचं. मोळी बांधायला दोरी लागत नाही, वाढ्यालाच पीळ देऊन बांधतात. उरलेलं वाढं जनावरांना किंवा विकायला, तेवढाच रोजचा मिठा-मिरचीचा पैसा. हे सगळं त्यांनी हवेत करून दाखवलं, ऊस नसताना, आणि ऊस दिसला. दहा वर्षं आम्ही मूकाभिनयाची शिबिरं घेतोय.

आणखी दुरुस्त्या : कोंबडा पिंजऱ्यात नसतो, डालग्याखाली, बांबूच्या टोपलीखाली, असतो. मावशींनी त्यांचं डालगं प्रयोगासाठी दिलं, "माघारी द्या पर" म्हणून. ट्रॉलीत पुढे म्हातारी बसते, मागे नाही. आणि घरातली मोठी पोर कोंबड्यामागे जाऊच शकत नाही, तिच्या काखेत धाकटं असतं. हे शेवटचं एका बारा वर्षांच्या मुलीनं सांगितलं, काखेत धाकटं घेऊन. नाटकातल्या पोरीच्या काखेत आता उशीचं बाळ आहे.

मंजूर संहितेपासून आम्ही किती लांब आलो याचा हिशेब मी या वहीत मांडत नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

वेळ कशी साधायची याचं उत्तर चिटबॉयकडे, म्हणजे तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या माणसाकडे, होतं. कारखाना अधूनमधून क्लिनिंगला बंद असतो, त्याआधी तोड थांबवतात. तळाला तेवढीच सुटी. चिटबॉयला आदल्या दिवशी कळतं. त्यानं बुधवारी संध्याकाळी फोन केला. बँकवाल्यांपैकी एकानं रजा टाकली, दुसऱ्यानं पोट दुखतंय सांगितलं.

सहालाच सुरू केलं. भाकरी उरकून बाया आलेल्या, पुरुष होते, म्हाताऱ्या होत्या. मोजायचं सुटलं, अडीचशेच्या खाली नसतील. दिव्याचं मात्र पुन्हा तेच, दहाव्या मिनिटाला इन्व्हर्टरनं मान टाकली. पण या वेळी एका ट्रॅक्टरवाल्यानं न विचारता ट्रॅक्टर वळवून हेडलाईट गोलावर टाकला. उसाच्या ट्रॅक्टरवर काय काय असतं हे बाहेरच्याला सांगून पटणार नाही. चार स्पीकर, रंगीत झालरी, दोन जादा फोकस. आमच्या संस्थेकडे दहा वर्षांत एवढी सामग्री झालेली नाही.

अडचण अशी की इंजिन बंद ठेवलं तर बॅटरी उतरते आणि चालू ठेवलं तर शब्द ऐकू येत नाही. ड्रायव्हरनंच तोडगा काढला. दर सात-आठ मिनिटांनी तो ओरडायचा, "चार्जिंग!" आणि इंजिन सुरू करायचा. तेवढा वेळ आम्ही जिथे असू तिथे पुतळे. नायकाचा एक पाय वर, कोंबडा पंख पसरलेला. पोरं पुतळ्यांना गुदगुल्या करून यायची. इंजिन बंद झालं की पुढचं वाक्य. तिसऱ्या वेळेला 'चार्जिंग' सगळा तळ ओरडला. हे आता नाटकात कायम राहणार, दिवे असले तरी.

आणि बाजाराचा प्रसंग. व्यापारी म्हणतो कोंबडा माझा, पोर म्हणते माझा. सोडवायला किंमत ठरवायची. आमचा व्यापारी प्रेक्षकांना विचारतो, सांगा, काय किंमत या कोंबड्याची? पोरं ओरडली, दोनशे, पाचशे, हजार. मग मागून एक म्हातारा आवाज आला, सावकाश :

"त्याला कशाला पैसं? दिवाळीत उचल घेतलीय त्यानं. फिटंस्तोवर आरवू द्या त्याला."

आधी शांत. मग असा हशा उसळला की बैल उठून उभे राहिले. कोंबडा करणारा आमचा मेडिकलवाला क्षणभर थांबला आणि आरवला. आणखी हशा. पुन्हा आरवला, जरा दमून. पाचव्या-सहाव्या आरवण्याला तो गुडघ्यावर होता आणि हशा थांबला होता. एवढं चांगलं काम त्यानं स्पर्धेत कधी केलेलं नाही.

मुकादम ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसले होते. तेही हसले, मी पाहिलं. आरवणं लांबलं तसे फोन कानाला लावून उठले. उचलीचं नाव आम्ही काढलेलं नव्हतं, हे लिहून ठेवते. त्यांनीही नंतर विषय काढला नाही, फक्त पुढच्या टोळीच्या तळाचा रस्ता आम्हाला सांगितला नाही. तो चिटबॉयनं सांगितला.

सहा चाळीसला संपलं. आठला तळ झोपलेला.

२९ डिसेंबर, रविवार

काही नाही. टेम्पोचं टायर, ९००.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. दुसऱ्या तळावर, पलूसकडे. तिळगूळ घेऊन गेलो, तर बायांनी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी पुढे केली. आमच्यातला एकजण डाएटवर आहे, त्यानं तीन खाल्ल्या. प्रयोग ठीक. मधे एकदा गाडी भरायला माणसं गेली, पण आता आम्ही थांबतो. ती परत आली की 'कुठवर आलं होतं?' असं प्रेक्षकांनाच विचारतो आणि ते सांगतात. बऱ्याचदा आमच्यापेक्षा बरं सांगतात.

प्रयोगानंतर सामान भरत होतो तर कोप्यांमागे पोरांनी स्वतःचं नाटक मांडलेलं. आमचंच, पण कोंबड्याच्या जागी शाळा हरवली होती. एक पोरगी ट्रॉलीतून शाळा पडली म्हणून शोधायला निघते. एक पोरगा शाळा होऊन उसात लपलेला. व्यापारी म्हणतो, "ही शाळा मपली." गावाकडे शाळेच्या पटावर नाव आणि इथे काखेत धाकटं, अशी ही पोरं. आम्ही अंधारात उभं राहून पाहिलं, जवळ गेलो नाही. गेलो असतो तर शिक्षिकेनं नक्की काहीतरी सुचवलं असतं, आणि तिनंच मला मागे ओढलं.

ठाण्यात रत्नाकर मतकरींनी 'वंचितांचा रंगमंच' सुरू केला तो वस्तीतल्या मुलांनी त्यांच्या गोष्टी त्यांनीच कराव्यात म्हणून. आम्ही त्याबद्दल वाचलं होतं, भारावलो होतो, आणि तरी दोन महिने आम्ही करायचं, त्यांनी बघायचं असंच चाललंय. पोरांना चार टोप्या, एक जुनी साडी आणि ढोलकी दिली. ढोलकीवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

हिशेब. चोवीस हजारांतले सहा हजार चारशे उरले. सहा प्रयोग झाले, चार तळांवर. सगळ्यांत मोठा खर्च टेम्पो आणि डिझेल, मग इन्व्हर्टरची दुरुस्ती (दोनदा, आणि आता तो विकायचा). पडद्याच्या कापडाचे ३,२०० माझ्या छातीवर बसलेत.

एका स्थानिक पुढाऱ्याच्या माणसाचा फोन होता. उरलेल्या हंगामाचा सगळा खर्च करू, फक्त मागे बॅनर, 'सौजन्याने'. यावर गच्चीवर जोरदार भांडण. बँकवाले म्हणाले, घ्या, आपल्या स्मरणिकेत साबणाच्या जाहिराती चालतात ना? खरं आहे, चालतात. मला वाटतं, तळावर ज्याचा फोटो लागेल त्याचं नाटक होईल आणि म्हातारा मागून बोलायचा नाही. मतदान घेतलं, चार विरुद्ध तीन, बॅनर नको. तिघांनी अजून मान्य केलेलं नाही, आणि त्यांचं अगदीच चूक आहे असं मीही म्हणणार नाही. टेम्पोचं टायर पुन्हा गेलंय.

२३ फेब्रुवारी, रविवार

यंदा ऊस लवकर संपला. कारखान्यांचे पट्टे एकेक करून पडतायत, म्हणजे गाळप बंद होतंय. मार्चअखेरपर्यंत चार प्रयोग धरले होते, त्यातले दोन आजच खोडले. वाळव्याच्या मूळ तळावर निदान निरोपाचा एक करावा म्हणून चिटबॉयला फोन लावला. म्हणाला, परवा रात्रीच निघतायत, नाटकबिटक कोण बघतंय आता, हिशेबाला बसलेत सगळे. ज्यांची उचल फिटली ते खुशीत, नाही फिटली त्यांची बाकी पुढच्या सालावर. हंगाम तीन-साडेतीन महिन्यांचाच झाला, त्यामुळे बाकीवालेच जास्त असणार.

५ मार्च, बुधवार

तळ मोकळा. ऑफिसच्या कामानं त्या बाजूला गेले होते, थांबले. चुलींचे काळे दगड, प्लास्टिकच्या कागदाचे तुकडे, बैलांच्या दावणीचे खुंट. आम्ही खेळायचो तो गोल अजून ओळखू येतो, तिथे गवत नाही. शेतकरी म्हणाला, आठवड्यात नांगर घालणार.

घरी आल्यावर लक्षात आलं, डालगं आपल्याकडेच आहे.

२७ मार्च, गुरुवार

जागतिक रंगभूमी दिन. सभागृहात परिसंवाद होता, आम्ही गेलो नाही, गच्चीवर बसलो. मावशींच्या मुलाचा नंबर चिटबॉयकडून मिळवला होता, आज फोन लागला. मावशीच बोलल्या. डालग्याचं सांगितलं तर म्हणाल्या, "ठिवा तिकडंच, येऊ की दिवाळीनंतर." मग जरा थांबून, "न्हाईतर तुमीच या. हितं आता पाणी न्हाई का काम न्हाई, येळ मात्र लई. तुमचं ते तासाचं नाटक हितं करा."

गाव पाटोदा तालुक्यात. जायचं म्हणजे एक मुक्काम आलाच. शिल्लक २,१५०. टेम्पोवाला डिझेल आणि जेवणावर यायला तयार आहे. मेडिकलवाला दुकान दोन दिवस भावाकडे देणार, बँकवाल्यांना ३१ मार्चपर्यंत श्वास घ्यायला सवड नाही. म्हणून १२ आणि १३ एप्रिल, शनिवार-रविवार. पडदा न्यायचा नाही. डालगं आठवणीनं टेम्पोत आधी ठेवायचं.